‘बालकांसाठी व इतरांसाठी’ : ‘ॲलिस’च्या पहिल्या संगीत नाट्यरूपाचा विचार

(१)

२३ डिसेंबर १८८६ रोजी लंडन येथील प्रिन्स ऑफ वेल्स नाट्यगृहात ‘ॲलिस इन वंडरलँड’ या नावाचे एक दोन अंकी संगीत नाटक प्रथम सादर झाले. लुइस कॅरल याच्या दोन सुप्रसिद्ध बालकथांवरून त्याची संहिता हेन्री सॅव्हिल क्लार्क याने सिद्ध केली होती आणि संगीतरचना वॉल्टर स्लॉटर याची होती. संहितेच्या शीर्षकात या कृतीचे वर्णन ‘संगीत स्वप्ननाट्य’ असे केलेले असून ती ‘बालकांसाठी व इतरांसाठी’ आहे, असेही तेथे नमूद केले आहे. यांतील ‘व इतरांसाठी’ हे शब्द वरवर पाहता विनोदाने घातल्यासारखे वाटतात. परंतु बालकथेचे रंगभूमीवर रूपांतर होताना भाषेच्या दृष्टीने जो खरा प्रश्न उभा राहतो, तो नेमका याच शब्दांत साठविलेला आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बालकथेचे नाटक करणे म्हणजे कथानकाची काटछाट करावयाची, पात्रे निवडावयाची आणि मधूनमधून गाणी पेरावयाची, अशी एक समजूत रूढ आहे. ‘ॲलिस’च्या बाबतीत ती मुळातच अपुरी पडते, कारण ज्याला कथानक म्हणता येईल असे या कथेत फार थोडे आहे. एक मुलगी एका सशामागून बिळात उतरते, तिला एकामागून एक चमत्कारिक प्राणी व माणसे भेटतात, त्यांच्याशी तिचे बोलणे होते आणि अखेर ती जागी होते. या कथेत जे काही घडते ते बहुतांशी बोलण्यातच घडते. तेव्हा तिचे नाटक करावयाचे म्हणजे डोळ्यांनी वाचावयाची भाषा कानांनी ऐकावयाची करावयाची, आणि एकट्या वाचकाच्या जागी मुले, त्यांचे आईबाप, आजीआजोबा व दाया यांचा एक मिश्र समुदाय आणून बसवावयाचा. एकच वाक्य दोन प्रकारच्या श्रोत्यांनी एकाच क्षणी ऐकावयाचे आणि दोघांनीही आपापल्या परीने हसावयाचे, ही अट पुस्तकाला नसते. ती नाटकाला असते. या अटीमुळे काय गळाले, काय नव्याने आले आणि जे नव्याने आले त्यातील काही भाग पुस्तकात कसा परत गेला, याचा आता क्रमाने विचार करू.

(२)

लुइस कॅरल हे ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च महाविद्यालयातील गणिताचा अध्यापक चार्ल्स लट्विज डॉजसन याचे टोपणनाव होय. ४ जुलै १८६२ रोजी डॉजसन व त्याचा मित्र रॉबिन्सन डकवर्थ हे महाविद्यालयाचे प्रमुख लिडेल यांच्या लोरिना, ॲलिस व ईडिथ या तीन मुलींना घेऊन टेम्स नदीतून गॉडस्टो या गावापर्यंत नौकाविहारास गेले. त्या प्रवासात डॉजसनने जी गोष्ट रचून सांगितली, ती लिहून द्यावी असा दहा वर्षांच्या ॲलिसने आग्रह धरला. पुढे स्वतःच्या हाताने लिहून व चित्रे काढून त्याने तिचे हस्तलिखित सिद्ध केले आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये तिला भेट दिले. तीच गोष्ट वाढवून १८६५ मध्ये मॅकमिलन यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात जॉन टेनिएल याची ४२ चित्रे होती. ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ हा दुसरा भाग १८७१ च्या अखेरीस निघाला. त्यात टेनिएलची ५० चित्रे होती.

श्रोत्यांच्या दृष्टीने या तीन अवस्था परस्परांहून अगदी भिन्न आहेत. नौकेत श्रोते मोजकेच होते, आणि सांगणाऱ्याला त्यांचे चेहरे दिसत होते. अश्रूंच्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पक्ष्यांत डोडो, बदक, लोरी व गरुडाचे पिल्लू येतात. ते अनुक्रमे डॉजसन, डकवर्थ, लोरिना व ईडिथ होत, हे त्या नौकेत कोणी कोणास समजावून सांगावे लागत नव्हते. छापील पुस्तकात ही थट्टा उरली, पण ती समजणारा श्रोता उरला नाही. त्याच्या जागी एक अनोळखी वाचक आला. या वाचकासाठी कॅरलने पानाचा उपयोग करून घेतला. उंदराची कहाणी त्याच्या शेपटीच्या आकाराने वळणे घेत, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांत छापली आहे, हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. ही गंमत पूर्णपणे डोळ्यांची आहे. ती कोणीही कितीही चांगली वाचून दाखविली तरी ऐकणाऱ्याला मिळत नाही.

अशा रीतीने कानासाठी जन्मलेली कथा चोवीस वर्षांच्या अवधीत डोळ्यांकडे गेली आणि पुन्हा कानांकडे आली. परंतु ती परत आली तेव्हा ऐकणाऱ्या तीन मुली नव्हत्या. भरलेले नाट्यगृह होते. योगायोगाची गोष्ट अशी की ज्या डिसेंबर १८८६ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले, त्याच महिन्यात मॅकमिलन यांनी ॲलिसला दिलेल्या मूळ हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध केली. कथेचे सर्वांत जुने लिखित रूप आणि तिचे सर्वांत नवे रूप लोकांपुढे एकाच वेळी आले.

(३)

‘ॲलिस’ रंगभूमीवर नेण्याची कल्पना एकट्या क्लार्कची नव्हे. १८७६ मध्येच लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत जॉर्ज बकलंड याने या कथेवर आधारलेला एक मनोरंजनाचा कार्यक्रम सादर केला होता. १८८० मध्ये केट फ्रायलिग्राथ-क्रोकर या बाईंच्या मुलांसाठीच्या नाटुकल्यांच्या संग्रहात ‘ॲलिस’चे घरगुती प्रयोगास योग्य असे रूप आले. स्वतः कॅरलनेही १८७७ मध्ये आर्थर सलिव्हन या विख्यात संगीतकाराशी पत्रव्यवहार करून पुस्तकातील गीतांना चाली लावून मिळतील काय, अशी विचारणा केली होती. परंतु ती गोष्ट सिद्धीस गेली नाही. गिल्बर्ट व सलिव्हन यांची सुखान्त संगीतिका ज्या काळात लंडनमध्ये गाजत होती त्या काळात गणिताच्या या अध्यापकाने आपल्या बालकथेसाठी तोच संगीतकार मनात योजावा, यावरून त्याच्या मनातील नाटकाचे स्वरूप कळून येते.

१८८६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस क्लार्कने कॅरलकडे अनुज्ञा मागितली. येथे तत्कालीन इंग्लिश कायद्याची स्थिती लक्षात घेणे अवश्य आहे. कादंबरी वा कथा यांचे नाटक करून त्याचे प्रयोग करणे ही त्या वेळी ग्रंथस्वामित्वाच्या हक्काची पायमल्ली समजली जात नसे. आपल्या कथेचे नाटक दुसऱ्याने करू नये असे वाटणाऱ्या ग्रंथकाराने ते स्वतःच आधी करावे, एवढाच मार्ग त्याला मोकळा होता. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, फ्रान्सेस हॉजसन बर्नेट यांच्या ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ या बालकादंबरीचे सीबोम नावाच्या गृहस्थाने परवानगीवाचून नाटक केले, तेव्हा ते प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने प्रयोग करण्यास हरकत घेतली नाही. मात्र संहितेच्या प्रती तयार करताना कादंबरीतील मजकूर उतरवून घेणे हा हक्कभंग होय, असा निर्णय दिला. बालकथेच्या नाट्यरूपांतराने एका वाङ्मयीन हक्काची व्याख्या स्पष्ट करण्यास कारण व्हावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. या पार्श्वभूमीवर पाहता क्लार्कने अनुज्ञा मागणे यात सौजन्य होते आणि व्यवहारही होता. कारण ‘ॲलिस’मधील संवाद व कविता शब्दशः घेतल्यावाचून ‘ॲलिस’चे नाटक होऊच शकत नव्हते.

कॅरलने अनुज्ञा दिली ती काही अपेक्षा व्यक्त करून. त्यांतील एकच अट त्याने अपरिहार्य मानली : संहितेत किंवा रंगमंचावरील हालचालींत ग्राम्यतेचा, किंवा ग्राम्यता सुचविणाऱ्या कशाचाही, शिरकाव होता कामा नये. ही अट सोवळेपणाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. नाताळच्या दिवसांत इंग्लंडमध्ये मुलांना घेऊन जे खेळ पाहावयास जात, ते ‘पँटोमाइम’ या नावाने ओळखले जाणारे. त्यांत परीकथा नावापुरती असे. विदूषकी झटापटी, सभागृहातील चालू गाणी आणि मोठ्यांसाठी घातलेले द्व्यर्थी विनोद यांवरच त्यांचा भर असे. म्हणजे ‘बालकांसाठी व इतरांसाठी’ या प्रश्नाला त्या रंगभूमीने एक उत्तर अगोदरच देऊन ठेवले होते. मुलांसाठी देखावा आणि त्यांच्या डोक्यावरून मोठ्यांसाठी इशारे, असे ते उत्तर होते. कॅरलने हे उत्तर नाकारले. एकाच वाक्याने दोघांनाही हसवावयाचे, आणि त्यांतील एकाला चोरून हसवावयाचे नाही, असा त्याच्या अटीचा भाषिक अर्थ होतो. जून १८८८ मध्ये ‘द थिएटर’ या मासिकात त्याने रंगभूमी व आदरबुद्धी यांविषयी जो लेख लिहिला, त्यावरूनही या बाबतीतील त्याची तळमळ दिसून येते.

त्याची दुसरी अपेक्षा अशी होती की दोन्ही कथांची सरमिसळ करू नये. एकच कथा घ्यावी. क्लार्कने दोन्ही घेतल्या, परंतु पहिल्या अंकात एक व दुसऱ्यात दुसरी अशा वेगळ्या ठेवल्या. तिसरी अपेक्षा गाण्यांच्या चालींविषयी होती.

(४)

‘ॲलिस’मधील कवितांपैकी बऱ्याचशा कविता म्हणजे विडंबने होत. आयझॅक वॉट्स याची मुलांसाठी लिहिलेली धर्मपर गीते १७१५ मध्ये प्रसिद्ध झाली होती, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश मुले ती पाठ करीत. उद्योगी मधमाशीवरील त्याच्या गीताच्या जागी कॅरलने सुसर आणली. आळशी माणसावरील गीताच्या जागी शेवंडा आणला. रॉबर्ट साउदीच्या एका बोधपर कवितेतील शहाणा म्हातारा कॅरलकडे येऊन शीर्षासन करू लागला. जेन टेलर हिच्या ताऱ्यावरील गीतात वटवाघूळ शिरले. मेरी हॉविट हिच्या कोळी व माशी यांच्या कवितेच्या घाटावर शेवंड्यांचे नृत्यगीत बेतले गेले. ‘मॉक टर्टल’ हा जीव आपल्या सूपचे जे गीत गातो, ते त्या काळच्या एका लोकप्रिय गाण्याचे विडंबन आहे. आणि ते मूळ गाणे लिडेलभगिनींनी त्याच १८६२ च्या ऑगस्टच्या प्रारंभी डॉजसनला म्हणून दाखविले होते.

ज्या गीतांना जुन्या चाली आहेत ती नाटकात आली तर त्या जुन्याच चालींवर म्हणली जावीत, अशी इच्छा कॅरलने क्लार्कला कळविली. मराठी वाचकाला हिचे मर्म सहज समजेल. आपल्याकडे १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून छापील संगीत नाटकात पदाच्या डोक्यावर चाल नोंदविण्याचा प्रघात पडला. कोणत्या माहीत असलेल्या गाण्याच्या वळणावर हे पद म्हणावयाचे, हे त्यावरून कळे. नव्या शब्दांमागे जुने गाणे ऐकू येत राहणे, हा दोन्हीकडे समान असलेला व्यापार आहे. फरक एवढाच की आपल्याकडे जुनी चाल नव्या पदाला आधार देत असे. कॅरलकडे जुनी चाल नव्या शब्दांची फजिती करीत असे. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) वाचताना मूळ कविता आठवत नसेल तर जी गंमत हरवते, तीच गंमत येथे चालीच्या आश्रयाने टिकवावयाची होती.

विडंबन हे एकाच वेळी दोन उक्ती ऐकविणारे रूप आहे. उच्चारली जाते ती एक, आणि स्मरणात वाजते ती दुसरी. पानावर या दुसऱ्या उक्तीची जाणीव छंद करून देतो. रंगमंचावर छंदाच्या जोडीला चाल येते, आणि स्मरण जागे करण्याच्या कामी चालीइतके प्रभावी साधन दुसरे नाही. कॅरलची सूचना म्हणूनच केवळ आवडीनिवडीची नव्हती; आपल्या भाषेतील दुसरा आवाज रंगभूमीवर बुजून जाऊ नये, याची ती तरतूद होती.

मात्र १८८६ पर्यंत परिस्थितीत एक बदल झाला होता. पुस्तक निघून एकवीस वर्षे लोटली होती. प्रेक्षागृहातील आईबापांनी बालपणी वॉट्स पाठ केलेला. त्यांच्या मांडीवर बसलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना मात्र वॉट्सपेक्षा ‘ॲलिस’च अधिक परिचयाची होती, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे सुसरीचे गीत ऐकून मोठी माणसे मूळ गीत आठवून हसणार आणि मुले ते आपलेच पाठ असलेले गाणे म्हणून हसणार. विडंबन हीच मूळ कविता होऊन बसली होती. ‘बालकांसाठी व इतरांसाठी’ ही दुहेरी श्रवणाची स्थिती नाटककाराने निर्माण केली नाही. काळाने ती निर्माण केली होती, आणि नाटकाने तिचा लाभ घेतला.

(५)

‘ॲलिस’च्या विनोदाचा दुसरा आधार श्लेष हा होय. उंदराच्या प्रसंगात कथा व शेपूट या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द उच्चारात एकच आहेत, लेखनात भिन्न. देवनागरीत दोन्ही ‘टेल’ असेच लिहावे लागतात, म्हणजे आपली लिपी या बाबतीत रंगभूमीच्या पक्षाची आहे. पुढे लगेच ‘नाही’ व ‘गाठ’ या अर्थांच्या ‘नॉट’ या दोन शब्दांची अशीच गल्लत होते. मॉक टर्टल आपल्या शाळेविषयी सांगतो, तेव्हा पाठ या अर्थाचा ‘लेसन’ आणि कमी होणे या अर्थाचा ‘लेसन’ यांच्या समानोच्चारामुळे शाळेचे तास रोज एकेकाने घटतात.

हे सर्व श्लेष कानाचेच आहेत. कारण कथेतील पात्रे एकमेकांचे बोलणे ऐकतात, वाचत नाहीत, आणि म्हणूनच घोटाळा होतो. पण पुस्तकाचा वाचक त्या पात्रांहून एका पायरीने वर असतो. त्याला दोन्ही लेखने दिसतात, आणि कोणाची चूक कोठे होते हे त्याला पानच सांगते. प्रेक्षकाला ही पायरी नसते. तो ॲलिसच्या शेजारीच उभा असतो, आणि तिने जे ऐकले तेच त्यालाही ऐकू येते. श्लेष उलगडण्याचे काम मग नटाच्या विरामावर, स्वरावर व पुढील वाक्यावर येऊन पडते. यात थोडा तोटा आहे आणि मोठा लाभही आहे. लेखन न येणारे पाच वर्षांचे मूल पुस्तकातील या गमतीला मुकते. नाट्यगृहात ते आणि त्याचा पदवीधर बाप यांच्यापुढे नेमकी तीच ध्वनिमाला असते.

कासवगुरुजींचा श्लेष या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. ज्याने आम्हांला शिकविले तो ‘टॉर्टस’, असे मॉक टर्टल म्हणतो. कासव या अर्थाचा शब्द आणि ‘आम्हांला शिकविले’ या अर्थाची दोन पदे यांचा उच्चार दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षित बोलीत जवळजवळ एक होतो; कारण त्या बोलीत व्यंजनापूर्वीचा ‘र’ लोप पावला आहे. स्कॉटलंडमध्ये हा ‘र’ उच्चारला जातो, आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागातही. तेथील नटाने आपल्या बोलीत हे वाक्य म्हटले तर श्लेष मोडतो. छापील पान सर्व बोलींना एकसारखे असते. रंगमंच मात्र कोणती तरी एक बोली निवडल्यावाचून तोंडच उघडू शकत नाही. पुस्तकाचे नाटक होताना भाषेची ही जी सक्तीची निवड होते, तिच्याकडे रूपांतराच्या चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही.

याच मॉक टर्टलच्या शाळेतील विषयांची नावे लॅटिन, ग्रीक इत्यादी विषयांच्या नावांची मोडतोड करून बनविली आहेत. येथे मात्र दोन श्रोत्यांच्या वाटा वेगळ्या होतात. शाळेत ते विषय घोकलेला माणूस मूळ नाव ओळखून हसतो. मूल नुसत्या शब्दाच्या विचित्रपणाला हसते. दोघांचे हसणे एकाच वेळी येते, पण कारण एक नसते. पँटोमाइममधील द्व्यर्थी विनोदाहून हा प्रकार वेगळा आहे, कारण येथे मुलापासून काही लपविलेले नाही. मोठे झाल्यावर उमजेल असे काही त्याच्यासाठी राखून ठेवलेले आहे.

उंदराच्या शेपटीचा आकार, ॲलिसचे क्षणात उंच व क्षणात बुटके होणे, हे पानावर व चित्रात सहज साधणारे प्रकार होते. जिवंत मुलीला घेऊन ते दाखविणे कठीण. टेनिएलच्या चित्रांचा मात्र नाटकाने पुरेपूर उपयोग केला. पात्रांचे वेश त्या चित्रांवरून बेतले होते. म्हणजे पुस्तकाचा दृश्य भाग वेशभूषेत गेला, श्राव्य भाग संवाद व गीतांत गेला आणि या दोहोंच्या मधला, अक्षरांच्या मांडणीतून निर्माण होणारा भाग गळून पडला.

(६)

आतापर्यंत पुस्तकाने नाटकाला काय दिले हे पाहिले. नाटकाने पुस्तकाला काय दिले, याची दोन उदाहरणे आहेत, आणि ती या विषयाच्या गाभ्याशी आहेत.

पहिले उदाहरण कालवांचे. ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मधील वॉलरस व सुतार यांच्या कवितेत ते दोघे कोवळ्या कालवांना गोड बोलून फिरावयास नेतात आणि सर्वांना खाऊन टाकतात. अखेरीस हाकेला उत्तर देण्यास कोणी उरलेले नसते. पानावर हा शेवट फार परिणामकारक आहे; कडव्यानंतरची कोरी जागाच तो पुरा करते. रंगमंचावर ही कोरी जागा मिळत नाही. गाणे संपले की नाही हे प्रेक्षकांना उमगत नाही आणि प्रसंग मध्येच विरल्यासारखा होतो. म्हणून कॅरलने नाटकासाठी नवी कडवी रचून दिली. त्यांत खाल्लेल्या कालवांची भुते येतात, गातात, नाचतात आणि झोपलेल्या वॉलरस व सुतार यांच्या छातीवर उड्या मारून त्यांना शासन करतात.

या बदलाचे एक कारण नाट्यतंत्राचे आहे, दुसरे श्रोत्यांचे. पुस्तकात ही कविता ऐकल्यावर ॲलिस दोघांपैकी अधिक वाईट कोण याचा विचार करीत बसते, आणि तिला निर्णय करता येत नाही. एकट्या वाचकाला अनिर्णयाची ही अवस्था मानवते. परंतु गजबजलेल्या नाट्यगृहात ज्या मुलांना कालवांची कणव आली, त्यांना तेथल्या तेथे न्याय हवा असतो. समुदायाने ऐकावयाच्या भाषेला शेवट उघडा ठेवणे जड जाते, असे यावरून दिसते. भुतांच्या नाचाने मुलांचे समाधान झाले असेल; पण मूळ कवितेतील ती गारठून टाकणारी शांतता नाटकाने गमावली, हेही तितकेच खरे. ही कडवी नाटकापुरतीच राहिली. पुस्तकातील कवितेचा शेवट कॅरलने बदलला नाही, आणि यात त्याचा विवेक दिसतो.

दुसरे उदाहरण शेवंड्याच्या गीताचे. वॉट्सच्या आळशी माणसावरील गीताचे हे विडंबन पुस्तकाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत त्रोटक व अपुरे होते. ॲलिस ते म्हणू लागते, शब्द भलतेच येतात आणि तिला थांबविले जाते, एवढे कथेला पुरेसे होते. नाटकात मात्र अर्धवट गीत चालत नाही. चालीला कडव्याची पूर्णता लागते. म्हणून कॅरलने १८८६ मध्ये ते वाढवून सोळा ओळींचे केले. हे वाढविलेले रूप नाटकातच राहिले नाही. १८८६ नंतरच्या आवृत्त्यांत ते पुस्तकात शिरले आणि आज सर्वत्र छापले जाते. या गीताच्या पहिल्या ओळीत बायबलमधील एका वचनाची छाया आहे, म्हणून एसेक्समधील एका धर्मोपदेशकाने ‘सेंट जेम्सेस गॅझेट’ या पत्राकडे अनादराची तक्रार केली होती, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे. विडंबनामागचा दुसरा आवाज कोणाच्या कानाला कोणता येईल, याचा नेम नसतो, हे त्यावरून कळते.

(७)

आतापर्यंत श्रोत्यांचा विचार झाला. परंतु या नाटकात बालके प्रेक्षागृहाप्रमाणे रंगमंचावरही होती. ॲलिसची भूमिका फीबी कार्लो या बालनटीने केली. पेंगणाऱ्या डॉरमाउसची भूमिका करणारी डॉरथी डॅलकोर्ट ही अवघी साडेसहा वर्षांची होती. एप्रिल १८८७ मध्ये ‘द थिएटर’ मासिकात ‘ॲलिस रंगभूमीवर’ या अर्थाच्या शीर्षकाचा जो लेख कॅरलने लिहिला, त्यात या दोघींचे त्याने मनापासून कौतुक केले आहे. त्याच लेखात त्याने ॲलिस, पांढरा ससा व तीन राण्या यांचे स्वभाव कसे कल्पिले होते, हे स्पष्ट केले. आणि आपली पुस्तके आपोआप सुचत गेलेल्या तुकड्यातुकड्यांच्या कल्पनांतून व एकेकट्या वाक्यांतून बनली आहेत, असेही सांगितले. कथानकाऐवजी उक्तीच या ग्रंथाचा घटक आहे, या आमच्या प्रतिपादनाला ग्रंथकाराच्या या निवेदनाने दुजोरा मिळतो.

नाटकातील उक्ती मुलांच्याच तोंडून यावी, यात कॅरलला गैर वाटत नव्हते. त्या वेळी बालनटांच्या श्रमाविषयी इंग्लंडमध्ये मोठा वाद चालू होता. जुलै १८८७ मध्ये कॅरलने ‘सेंट जेम्सेस गॅझेट’मध्ये पत्र लिहून, ही मुले रंगभूमीवर सुखी असतात व त्यांना कामाचा आनंद वाटतो, अशी बाजू मांडली. पार्लमेंटने मात्र वेगळा निर्णय घेतला. १८८९ च्या बालसंरक्षण कायद्याने सात वर्षांखालील मुलांना रंगभूमीवर काम करण्यास मनाई केली आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी परवाना आवश्यक ठरविला. म्हणजे ज्या साडेसहा वर्षांच्या डॉरमाउसने ग्रंथकाराला मुग्ध केले, ती भूमिका त्या वयाच्या मुलीला तीन वर्षांनंतर कायद्याने करता आली नसती. कॅरलचे मुलांवरील प्रेम खरे होते. तरीही एका सुखी बालनटीला पाहून सर्व बालनटांविषयी केलेले अनुमान कायद्याला आधारभूत होऊ शकत नव्हते. मोठ्यांच्या आनंदासाठी मुलांच्या श्रमाची मर्यादा कोणती, हा प्रश्न कौटुंबिक रंगभूमीच्या इतिहासातून वगळता येत नाही. ‘बालकांसाठी व इतरांसाठी’ या शब्दांमागे ‘बालकांकडून’ हा तिसरा शब्द न लिहिलेला होता.

नाटक १८८७ च्या मार्चपर्यंत लंडनमध्ये चालले व नंतर इतर गावी गेले. २६ डिसेंबर १८८८ रोजी ग्लोब नाट्यगृहात त्याचे पुनरुज्जीवन झाले. त्या वेळी ॲलिसची भूमिका आयझा बोमन हिने केली. पुढे १८९९ मध्ये तिने कॅरलच्या आठवणींचे पुस्तकही लिहिले. १४ जानेवारी १८९८ रोजी कॅरल निवर्तला. परंतु क्लार्क व स्लॉटर यांची ही कृती त्यानंतरही नाताळच्या दिवसांत पुनःपुन्हा रंगभूमीवर येत राहिली.

(८)

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. एक, बालकथेचे संगीत नाटक होताना मुख्य बदल घडतो तो श्रोत्यांच्या रचनेत, आणि भाषेतील बाकीचे बदल त्याच्या अनुषंगाने येतात. दोन, मुले व मोठी माणसे यांना एकत्र ऐकवावयाची भाषा दोन रीतींनी सिद्ध होऊ शकते. मुलांच्या डोक्यावरून मोठ्यांना खुणावणे ही एक रीत, आणि एकाच उक्तीत दोन स्मरणे जागविणे ही दुसरी. ‘ॲलिस’च्या नाटकाने दुसरी रीत स्वीकारली, आणि तिचे बळ चाल, छंद व समानोच्चार यांत आहे. तीन, नाट्यरूप हे मूळ ग्रंथाचे केवळ अपत्य नसते. प्रसंगी ते ग्रंथाचा पाठही बदलते. आज जो वाचक ‘ॲलिस’ची कोणतीही प्रचलित प्रत उघडून शेवंड्याचे गीत वाचतो, तो नकळत १८८६ च्या रंगभूमीसाठी लिहिलेला मजकूर वाचत असतो. त्यामुळे या ग्रंथाची पाठचिकित्सा करू पाहणाऱ्याला क्लार्कची संहिता बाजूस सारता येणार नाही.

मराठीत ‘ॲलिस’ रंगभूमीवर आणू इच्छिणाऱ्यालाही यातून एक व्यवहार्य सूचना मिळते. सुसर, शेवंडा आणि वटवाघूळ यांचे शब्दशः भाषांतर करून भागणार नाही. आपल्या मुलांना जी बोधगीते व बडबडगीते पाठ आहेत, आणि ज्यांच्या चाली त्यांच्या आईबापांच्याही कानांत आहेत, ती आधी शोधावी लागतील, आणि त्यांच्या चालींवर नवे शब्द बसवावे लागतील. मुलाने शब्दांना हसावे, आईने चाल ओळखून हसावे, आणि दोघांचे हसू एकाच ओळीवर यावे, ही त्या रूपांतराची कसोटी होय. क्लार्कच्या संहितेच्या शीर्षकातील ‘व इतरांसाठी’ या शब्दांना अभिप्रेत असलेले काम याहून निराळे नव्हते.